तीनदा गाळलेला रस

माझ्या धाकट्या भावाचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी तो बसवला आणि वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. दीड महिना तरी तोंड उघडायचं नाही, जे पोटात जाईल ते पातळ, नळीनं, दातांच्या फटीतून, असं सांगून त्यांनी त्याला घरी सोडलं. मी त्याला विश्रामबागेत आमच्या घरी आणलं. डिसेंबर चालू होता. कोपऱ्याकोपऱ्यावर हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग लागले होते.

आमचं माहेर उंब्रजजवळ. आई-वडील दोघंही गेले, घराला कुलूप असतं. भाऊ सैन्यात. रजेवर आला की तोच कुलूप काढतो, झाडलोट करतो, महिनाभर राहतो आणि परत कुलूप लावून जातो. या वेळी त्याच्याबरोबर त्याच्या पलटणीतला मित्रही उतरला होता. मित्राचं गाव कडेगावच्या पलीकडं, कोरड्या भागात. घरी आई एकटी, थोडी जमीन आणि पंचवीसएक मेंढरं. दोघं एक दिवस मोटरसायकलवर साताऱ्याला गेले. संध्याकाळी परत येताना महामार्गाच्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागं दिवा नव्हता. गाडी मित्र चालवत होता. तो जागीच गेला. भाऊ मागं बसला होता, म्हणून जबडा आणि खांद्याचं हाड मोडून का होईना, वाचला.

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात होते. फोन ठेवला, समोरची फाइल बंद केली, शेजारच्या मॅडमना सांगितलं की मला जावं लागेल. रडू आलं नाही. वाटलं, नंतर येईल. नंतरही आलं नाही.

घरी आल्यावर पहिला प्रश्न खाण्याचा होता. दूध त्याला लहानपणापासून आवडत नाही. डाळीचं पाणी दोन दिवस घेतलं आणि तिसऱ्या दिवशी वाटी बाजूला सारली. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, येताना संत्री आणली होती. भावानं त्या पिशवीकडं बघितलं. मी विचारलं, "रस देऊ?" त्यानं मान हलवली.

दात बांधले तरी माणूस ओठांतून थोडंफार बोलू शकतो. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. शब्द अस्पष्ट येतील, पण बोलू दे त्याला. तो बोलत नव्हता. मोबाइल हाताशी होता, त्यावरही काही लिहीत नव्हता. मान हलवायची, हात वर करायचा, एवढंच.

पहिला रस मी मिक्सरवर काढला. फोडी टाकल्या, फिरवल्या, गाळणीनं गाळल्या. नळीतून दोन घोट गेले आणि चोथ्याचा एक बारीक धागा तारेत अडकला. तो मला काढता येईना, त्याला जीभ लावता येईना. शेवटी पिचकारीनं कोमट पाणी मारून काढला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते दुखण्याचं असावं. त्या दिवसापासून मी रस तीनदा गाळायला लागले. एकदा चहाच्या गाळणीतून, मग पुरणाच्या बारीक जाळीतून, आणि शेवटी जुन्या मलमलच्या ओढणीच्या तुकड्यातून. ओढणी पिवळी पडली. ती मी रोज धुऊन गॅलरीत वाळत घालायचे.

साडेनऊला मला घरातून निघावं लागे. किती रजा काढणार? सकाळी रस काढून काचेच्या बाटलीत भरायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा, आणि दुपारी त्यानं तो आपला आपण घ्यायचा, असं ठरवलं. संध्याकाळी आले की बाटली तशीच भरलेली असायची. वरचा एखादा घोट गेलेला. मला वाटलं, त्याला जगायचंच नाही. ह्यांना तेवढं सांगितलं. हे म्हणाले, "तू चाखून बघितलास का?"

चाखून बघितला. कडूजहर झाला होता. सकाळी मी स्वतः चमचाभर घेतला होता तेव्हा गोड होता. म्हणजे एवढे दिवस तो रोज दुपारी एक घोट घेऊन बाटली परत ठेवत होता आणि मला सांगतही नव्हता.

मग मी त्या रसाच्या मागं लागले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मिक्सरमध्ये बिया फुटतात आणि त्यांचा कडवटपणा रसात उतरतो, हे मोबाइलवर बघून कळलं. बिया काढून बघितलं, तरी संध्याकाळपर्यंत रस कडवट व्हायचाच. फोडीवरची साल आणि पांढरे धागे काढले, तेव्हा फरक पडला. भांड्यांच्या दुकानातून हातानं दाबायचं यंत्र आणलं, पण जोरात दाबलं की सालीचं तेल उतरतं आणि घशाला झोंबतं. शेवटी हातच बरे. फोडी सोलायच्या, बिया काढायच्या, नुसता गर जाळीवर ठेवून वाटीच्या बुडानं हलकेच दाबायचा. एका पेल्याला अर्धा तास लागायचा. बाटली गळ्यापर्यंत भरायची, मध्ये हवा ठेवायची नाही. फ्रीजच्या दारात ठेवायची नाही, आत मागच्या बाजूला ठेवायची. तरीही तो रस संध्याकाळपर्यंतच बरा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा तर बर्फच करावा लागे. काचेच्या बाटलीत तसं केलं तर बाटली तडकली, म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये ओतायला लागले. गोठल्यावर तुकडे डब्यात काढून ठेवायचे. दुपारी त्यानं चार तुकडे पेल्यात टाकायचे, ते वितळले की प्यायचे. असा रस कडू होत नव्हता.

पहिल्यांदा पेला रिकामा दिसला तेव्हा बरं वाटायला हवं होतं. मी पेला विसळला आणि पालथा घातला.

मित्राचे दिवस झाल्यावर एका शनिवारी त्याची आई आली. शनिवारी माझं ऑफिस अर्धा दिवस असतं, मी नुकतीच घरी आले होते. दारात काटक, काळीसावळी बाई उभी. साठीच्या आसपासची, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "ह्यो तुमचा भाऊ हितंच हाय न्हवं? मी त्येच्या मैतराची आई."

मी तिला आत घेतलं. पाणी दिलं. ती भावासमोर जमिनीवर बसली. खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसली नाही. भाऊ कॉटवर होता. त्यानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि मग खिडकीकडं बघायला लागला.

तिनं पिशवीतून घरची अंडी काढली, तुपाची बरणी काढली. मी सांगितलं, "मावशी, त्याचे दात बांधलेत. त्याला यातलं काही चालत नाही."

"व्हय का," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "माज्या पोरानं तुमच्या भावाचं त्वांड मोडलं. गाडी त्योच चालवत व्हता. म्या म्हटलं, जाऊन बघून यावं."

मला वाटलं होतं, ती विचारायला आली असेल. माझा मुलगा गेला आणि तुझा भाऊ कसा राहिला, असं काहीतरी. ती तर माफी मागितल्यासारखी बसली होती. भावाचे हात चादरीवर होते. ते हलले नाहीत.

मी म्हटलं, "मावशी, त्यात त्याची काय चूक? ट्रॉलीला दिवा नव्हता."

"लोक म्हंत्यात, लय जोरात चालवायचा. मलाबी ठावं हाय. घरी आला की मेंढरं बुजायची गाडीच्या आवाजानं."

भावाच्या रसाची वेळ झाली होती. मी संत्र्यांची परात घेऊन तिथंच बसले. तिनं थोडा वेळ बघितलं आणि हात पुढं केला. मी तिला एक संत्रं दिलं. तिची नखं जाड होती, तरी पांढरे धागे ती एकेक करून सोडवत होती. घाई नव्हती. फोड मोकळी झाली की माझ्यासमोरच्या ताटलीत ठेवायची आणि दुसरी घ्यायची. खोलीत फक्त साली सोलल्याचा वास आणि बाहेर शेजारच्या क्लासला आलेल्या मुलांचा आवाज. रस तयार झाला तेव्हा भाऊ प्यायला, आणि ती तो पिताना बघत राहिली. मग उठली, पदर सारखा केला आणि बस गाठायची म्हणून निघाली.

पुढच्या शनिवारी ती परत आली. त्याच्या पुढच्याही. कडेगावपर्यंत चालत किंवा कुणाच्या तरी गाडीवर, तिथून एसटीनं सांगली, स्टँडवरून विश्रामबाग. मेंढरांकडं कोण बघतं विचारलं तर म्हणाली, भावकीतला एक जण बघतो. रिकाम्या हातानं यायची नाही. हातगाडीवरून संत्री घेऊन यायची, निवडून, सालीला हात लावून, हलकी असली की नाकारून. ती आली की आम्ही दोघी बसायचो आणि आठवडाभराचा रस काढायचो. फ्रीजरमध्ये एका बाजूला मटार असायचे, बाकी सगळे डबे नारिंगी तुकड्यांचे. हे गमतीनं म्हणाले, "आपण दुकान टाकायचं काय?" कुणी हसलं नाही.

मला ती यायला नको होती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. ती समोर बसली की भावाचा चेहरा दगडासारखा व्हायचा, आणि ती गेल्यावर तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. पण तिला येऊ नका म्हणायला लागतं ते काही माझ्यात नव्हतं. शनिवार आला की मी चहाला एक कप जास्त आधण ठेवायचे.

एका शनिवारी मला कॉलेजात उशीर झाला. घरी आले तर दार उघडं. आत भाऊ कॉटच्या कडेला बसलेला, आणि ती त्याच्यामागं गुडघ्यावर, एका हातानं त्याचं कपाळ धरून त्याला पुढं वाकवलेलं, दुसरा हात पाठीवर. खाली परात होती. त्याच्या नाकातून आणि दातांच्या फटीतून रस, लाळ, औषधाचं पांढरं पाणी गळत होतं. रिकाम्या पोटी कुटलेल्या गोळ्यांचं पाणी आणि त्यावर रस घेऊन त्याला उलटी झाली होती. डॉक्टरांनी याचीच भीती घातली होती. बांधलेल्या तोंडानं उलटी झाली तर श्वास कोंडतो, म्हणून तार तोडायची छोटी कात्री उशाशी ठेवायला दिली होती. मी कात्री उचलली. ती म्हणाली, "थांबा. जातंय बाहीर. पुढं वाकीवला की जातंय." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी निवडताना बोलावं तसा.

ते बाहेर गेलं. त्याचा श्वास मोकळा झाला. तिनं ओल्या पंच्यानं त्याचं तोंड, मान, छाती पुसली. तो तिच्या हातावर डोकं टेकून तसाच बसला. बराच वेळ. मी दारात कात्री घेऊन उभी होते. आत काही हललं नाही. जणू कुणाच्या तरी घरात, कुणाचं तरी चाललंय आणि मी ते काचेतून बघतेय. मग मी परात उचलली आणि बाथरूममध्ये नेऊन धुतली.

त्या दिवशी ती राहिली. संध्याकाळची बस चुकली होती. माझ्या शेजारी झोपली. झोपायच्या आधी म्हणाली, "बाई, तुमी रडला न्हाई का कवा?"

मी म्हटलं, "नाही."

"मीबी न्हाई," ती म्हणाली. "बायका म्हंत्यात, रड, मोकळी हो. पर येतच न्हाई. आन् आणायचं तरी कुठनं?" मग कूस बदलून झोपली. मला वाटतं, त्या सगळ्या दिवसांत कुणीतरी माझ्याशी खरं बोललं ते तेवढंच.

जानेवारी संपता संपता तारा काढल्या. डॉक्टरांनी सांगितलं, एकदम जोर करू नका, रोज थोडं थोडं उघडा. त्याचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. गाल आत गेले होते. आरशात त्यानं बघितलं आणि आरसा परत दिला. घरी आल्यावर मी विचारलं, काय खाणार? तो म्हणाला, "मऊ भात." आवाज घोगरा, जड. एवढ्या दिवसांनी त्याचा आवाज ऐकून ह्यांनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. मी भात टाकला.

शनिवारी ती आली, नेहमीसारखी, संत्री घेऊन. मी दारातच सांगितलं, "मावशी, तारा काढल्या. आता तो जेवतो."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पिशवी खाली ठेवली. आता संत्र्यांचं काय करायचं ते तिला कळत नसावं. तरी ती नेहमीच्या जागी बसली, परात पुढं ओढली आणि सोलायला लागली.

भाऊ कॉटवरून उतरला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. खांद्याचं हाड अजून नीट बसलं नव्हतं, त्यामुळं एका हाताचा आधार घेत, हळूहळू. मग तो बोलला. तोंड पुरतं उघडत नव्हतं, म्हणून शब्द सावकाश येत होते.

"मावशी, त्यो त्या दिवशी घरी यायचा व्हता."

"व्हय," ती म्हणाली. "फोन केल्ता त्यानं. सांजंला येतो म्हणाला व्हता."

"मीच ठेवून घेतला त्याला. म्हटलं, एक दिवस थांब गड्या, साताऱ्याला जाऊ, हिंडू, जेवू. उद्या जा. त्यो न्हाई म्हणत व्हता. आई वाट बघंल म्हणत व्हता. मी ऐकलं न्हाई."

तिचे हात थांबले. हातातली फोड तशीच राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं, आता काहीतरी होईल. ती उठेल, ओरडेल, किंवा तोच कोसळेल.

"मला वाटलं," ती म्हणाली, "त्योच येत न्हवता. तिकडंच करमत आसंल. पोरगं मोठं झालं की आयला इसरतंय, आसं मी शेजारनीला बोलले व्हते त्या दिवशी. भाकरी झाकून ठेवली आन् आसं बोलले." ती थांबली. "म्हंजी यायचा व्हता त्यो."

"यायचा व्हता."

"आई वाट बघंल, म्हणाला?"

"म्हणाला."

तिनं मान हलवली, एकदा, दोनदा. फोड ताटलीत ठेवली. मग त्याच्याकडं बघून म्हणाली, "लय दुखतंय का आजून जबडा?"

"थोडं. थंडीचं जास्त."

"शेकायचं," ती म्हणाली. "आन् तू आसं मनात धरून बसू नगं. तुजा मैतर व्हता, तू थांब म्हटला. त्यात काय."

त्याच्या तोंडातून एक आवाज आला, आणि मग तो रडायला लागला. नीट रडताही येत नव्हतं, जबडा आवळलेला. तिनं त्याला जवळ घेतलं नाही. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो थांबेपर्यंत तसाच राहू दिला. ती रडली नाही. मीही नाही.

थोड्या वेळानं तिनं सोललेल्या फोडींची ताटली त्याच्याकडं सरकवली. त्यानं एक उचलली, तोंड जेवढं उघडत होतं त्यातून आत ढकलली आणि सावकाश चावली. रस काढायची गरज उरली नव्हती. मीही येऊन बसले. आम्ही तिघांनी ती संत्री तशीच खाल्ली.

पुढच्या आठवड्यात तो तिच्याबरोबर तिच्या गावी गेला. त्यानंच विचारलं होतं, येऊ का म्हणून. मी दोघांना स्टँडवर सोडलं. तिनं खिडकीजवळची जागा त्याला दिली, वारा लागू नये म्हणून काच ओढून घेतली. गाडी सुटली तेव्हा भावानं हात वर केला. मी तिथून थेट ऑफिसला गेले. आठ-दहा दिवस तो तिकडं राहिला. मेंढरांच्या वाड्याला काटेरी कुंपण करून दिलं, मित्राची पेटी उघडून तिच्यासमोर एकेक वस्तू लावून ठेवली. फोनवर सांगितलं त्यानं मला. कसं वाटलं ते नाही सांगितलं. मीही विचारलं नाही. पुढं पलटणीत त्याला हलक्या कामावर रुजू करून घेतलं. आता तो रजेवर आला की आधी चार दिवस तिच्याकडं जातो, मग उंब्रजला येऊन घराचं कुलूप काढतो.

ती आता सांगलीला फारशी येत नाही. तिचे गुडघे दुखतात. मीच कधीमधी कडेगावला उतरून तिच्याकडं जाते. ती चहा टाकते, आम्ही अंगणात बसतो, मेंढरं परत यायची वेळ होते, ती उठते. जास्त बोलणं होत नाही. मी शेवटची गेले तेव्हा तिनं विचारलं, ऑफिसात काम लय आसतं का. मी म्हटलं, असतं. ती म्हणाली, बरं आसतं ते. मग मी निघाले.